गोठ्याशेजारची जुनी जीप आणि तिचे बुक



कृषी खात्याच्या नोकरीत तीस वर्षे खेड्यापाड्यांतून फिरलो. बोलावणे येते ते हुमणी लागली म्हणून, नाहीतर ठिबकच्या नळ्या तुंबल्या म्हणून. पीक पाहून होते, चहा होतो, आणि मग पुष्कळदा यजमान हळूच म्हणतात, "साहेब, जरा इकडं या." गोठ्याच्या पलीकडे, कडब्याच्या गंजीआड, फाटक्या ताडपत्रीखाली एक जुनी जीप उभी असते. कुणाकडे जीप, कुणाकडे ॲम्बॅसेडर, कुणाकडे वडिलांची येझदी. यजमान ताडपत्री वर करतात, बोनेटवरून हात फिरवतात आणि विचारतात, "ही पुन्हा रस्त्यावर आणता येईल का हो?"

मी शेतीचा माणूस, मोटारीचा नव्हे. पण हा प्रश्न इतक्या घरांतून ऐकला की कायद्याची पुस्तके वाचावी लागली, परिवहन कार्यालयात चार वेळा जाऊन बसावे लागले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आबांची जीप

गेल्या हिवाळ्यात ऊसपट्ट्यातल्या एका गावी असाच प्रसंग आला. घरचे आबा पंचाहत्तरीचे. जीप त्यांच्या वडिलांनी १९७३ साली नवी घेतलेली. त्या जीपमधून आबांची वरात आली, त्याच जीपमधून सूनबाई बाळंतपणाला तालुक्याला गेल्या, आणि गावच्या जत्रेला पालखीपुढे हीच जीप चालायची. नातू पुण्याला नोकरीला आहे. त्याने कुठेतरी वाचले होते की पन्नास वर्षांवरील गाड्यांची आता वेगळी नोंदणी होते. तो म्हणाला, "आबा, आपण हिला रंग देऊ, रुंद चाकं बसवू, पुढं मोठे दिवे लावू, आणि जुनी गाडी म्हणून नंबर घेऊ."

मी विचारले, "बुक कुठे आहे?"

सूनबाईंनी पत्र्याची ट्रंक आणली. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि त्यांच्या तळाशी कापडात गुंडाळलेले आरसी बुक. उघडून पाहिले. नाव आबांच्या वडिलांचे. ते १९९४ साली वारले. नोंदणीची मुदत १९९८ मध्येच संपलेली. बुकात इंधन 'पेट्रोल' लिहिलेले, आणि समोर उभ्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन.

"हे कधी बसवलं, आबा?"

"शहाऐंशी साली. पेट्रोल परवडंना. फिटरनं दोन दिवसांत बसवून दिलं, आणि आपण पळवली की बारा वर्षं!"

बुकात त्याची नोंद नव्हती. म्हणजे बुकातली जीप वेगळी आणि दारातली जीप वेगळी. ताडपत्रीखालच्या बहुतेक गाड्यांचे दुखणे हेच असते. गंजलेला पत्रा बदलता येतो, पाटे नवे मिळतात, ब्रेकला लायनर बसतात. गाडी अडते ती बुकाशी न जुळल्यामुळे.

एक एकर जमीन

कागद राहिले तर एवढे काय बिघडते, असे काही जणांना वाटेल. गाडी फिरते ती शेतापासून घरापर्यंत, विचारतो कोण? त्यांच्यासाठी दुसऱ्या एका घरची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण त्या घराने पुष्कळ सोसले आहे.

त्यांच्याकडेही अशीच वडिलांच्या नावावरची जीप होती. विमा कधीचा संपलेला. मजुरांना रानात नेणे-आणणे आणि हळद बाजारात पोचवणे एवढाच तिचा उपयोग. एका संध्याकाळी बांधाचा रस्ता सोडून जीप डांबरीवर चढली आणि सायकलवरून घरी निघालेल्या एका कामगाराला धडकली. तो माणूस दवाखान्यात वारला. त्याच्या मागे बायको आणि दोन मुले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्यांना भरपाई मंजूर केली, आणि ती योग्यच होती. पण विमा नसल्याने ती रक्कम विमा कंपनीने नव्हे, गाडी बाळगणाऱ्या घराने द्यायची होती.

अशी रक्कम भरली नाही तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. त्या घराने विहिरीजवळची एक एकर विकली. मेलेल्याच्या घरचेही हाल, आणि ज्यांच्या हातून घडले त्यांचेही.

तेव्हा जुनी गाडी हौसेची असो वा गरजेची, सार्वजनिक रस्त्यावर तिचे चाक टेकण्यापूर्वी निदान तिसऱ्या पक्षाचा विमा हवाच. मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणे तो सक्तीचा आहे. नोंदणी संपलेली असेल तर विम्यातही अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका प्रकरणात असा निर्णय दिला की, नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला. म्हणजे हप्ता भरूनही पदरात काही पडले नाही.

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी मेली का?

गावोगाव एक गैरसमज पसरला आहे की पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावी लागते. दिल्ली परिसरासाठी जुन्या गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, २०१५ साली हरित न्यायाधिकरणाचा आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा. त्यांच्या बातम्या ऐकून लोक घाबरले. ते आदेश त्या भागापुरते होते. दुसरा नियम सरकारी गाड्यांचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवली जात नाही. ज्या सरकारी जीपमधून मी निम्मी नोकरी केली तिचाही प्रवास त्या नियमाने संपला. मनाला लागले, पण नियम तो नियम.

आपल्या खासगी गाडीचे तसे नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणीत गाडी ठीक ठरली तर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. शेतीच्या ट्रॅक्टरलाही हाच हिशेब आहे. मात्र ट्रॅक्टरची ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे आणि तिची नोंदणी वेगळी लागते, हे पुष्कळ जण विसरतात.

पहिले काम : गाडी कुणाच्या नावावर?

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायला आपण तलाठ्याकडे धावतो. गाडीच्या बुकाचे मात्र कुणाला सुचत नाही. नियम असा आहे की मालक वारल्यावर तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे. तसे कळवले तर ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याला तीन महिने ती वापरता येते, आणि त्या मुदतीत त्याने नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी.

मुदत टळून वर्षे झाली असली तरी काम होऊ शकते, पण कागद जास्त लागतात. मृत्यूचा दाखला, मूळ बुक, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमतीपत्रे किंवा प्रतिज्ञापत्रे. इथे बहिणींना विसरू नका. वडिलांच्या गाडीत त्यांचाही वाटा आहे. रक्षाबंधनाला त्या माहेरी येतात तेव्हाच बसून बोलावे आणि सह्या घ्याव्यात. वर्षानुवर्षे ठेवले की एक दिल्लीला, एक कर्नाटकात, आणि एका सहीसाठी काम अडते.

ज्यांची गाडी आज त्यांच्याच नावावर आहे त्यांनी एक करावे. २०२१ पासून बुकात वारसदार म्हणून नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. बँकेच्या खात्याला लावतो तसे नाव गाडीलाही लावून ठेवावे.

बुकच हरवले असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून नमुना २६ ने दुसरी प्रत मागता येते. आणखी एक अडचण जुन्या गाड्यांची. १९८९ पूर्वीच्या, म्हणजे 'एमएच' येण्याआधीच्या क्रमांकाच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते. कार्यालयात "गाडी दिसत नाही" असे उत्तर मिळाले तर निराश होऊ नका. जुन्या नोंदवहीवरून ती नोंद संगणकावर घेता येते, त्याला ते 'बॅकलॉग' म्हणतात. त्यासाठी अर्ज मूळ बुकासह द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरे काम : बुक आणि गाडी जुळवा

मूळ मुद्दा हा आहे. कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ साध्या भाषेत असा : कारखान्याने जशी गाडी बनवली आणि बुकात जशी लिहिली आहे, त्याच्याशी विसंगत बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. १९३९ च्या जुन्या कायद्यातही बदल कळवून मंजुरी घ्यावी लागे. म्हणजे आबांच्या फिटरने शहाऐंशी साली केलेले कामही त्या वेळच्या नियमाप्रमाणे अपुरेच होते.

बदल म्हटला की आपल्याकडे काय काय होते पाहा. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन. जास्त माणसे बसावीत म्हणून मागे वाढवलेली बॉडी. रुंद चाके. बंपरपुढे लोखंडी गार्ड. मोटारसायकलला फटाके फोडणारा सायलेन्सर. बंपरपुढचे ते गार्ड बेकायदा असल्याचे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

मग इंजिन कधी बदलूच नये का? तसे नाही. इंजिन निकामी झाले तर त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बसवता येते. आधी परवानगी घ्यावी, इंजिन कुठून घेतले त्याचे बिल ठेवावे आणि नवा इंजिन क्रमांक बुकात चढवून घ्यावा. परवानगीशिवाय काम झाले असेल तर चौदा दिवसांत कळवण्याचे बंधन आहे. गॅसचे किट किंवा बॅटरीचे किट बसवायलाही कायद्यात वाट आहे, मात्र ते मान्यताप्राप्त किट हवे आणि त्याची नोंद हवी. घरातल्या कुणा अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करायचा असेल तर त्यालाही कायद्याने मोकळीक दिली आहे. पण मूळच्या पेट्रोल जीपमध्ये दुसऱ्याच बनावटीचे डिझेल इंजिन घालून ते आज मंजूर होईल, अशी आशा धरू नका.

चेसिस क्रमांकाची काळजी डोळ्यांत तेल घालून घ्या. तपासणीच्या वेळी कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि त्या क्रमांकाचा ठसा घेतात. तो उमटला नाही तर गाडीची ओळखच बुडाली. जुनी जीप रंगवायला दिली की गॅरेजमधला पोरगा ग्राइंडर घेऊन सगळीकडे फिरवतो. त्याआधी तुम्ही स्वतः उभे राहून त्या जागेवर खूण करा. रॉकेल किंवा डिझेल लावून मऊ ब्रशने गंज काढा, पत्र्याला पाते लावू देऊ नका. क्रमांक पुसला असेल तर तो स्वतः ठोकून घेऊ नये. ते काम परिवहन कार्यालयाच्या परवानगीनेच व्हावे, एरवी चोरीच्या गाडीचा संशय येतो.

तिसरे काम : नोंदणी वाढवणे

कागद आणि गाडी जुळली की नमुना २५ भरून नोंदणी वाढवण्याचा अर्ज करता येतो. चालू गाडीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांपासून देता येतो. तेव्हा बुक आजच काढा आणि मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खर्चाचा अंदाज असा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये आणि मोटारसायकलचे १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते मोटारीला १०,००० आणि मोटारसायकलला २,००० रुपये करण्यात आले. उशिराबद्दल मोटारीला दरमहा ५०० आणि मोटारसायकलला दरमहा ३०० रुपये जास्तीचे शुल्क नियमात आहे. शिवाय महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षेची नंबर पाटी बसवावी लागते. धुराचा दाखला आणि विमा तर आहेच. शुल्क मधूनमधून बदलते. पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा कार्यालयात किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. एजंटाच्या तोंडचा आकडा प्रमाण मानू नका.

नाव बदलणे, नोंदणी वाढवणे आणि विमा ही कामे एकमेकांत अडकलेली असतात. आपल्या प्रकरणात कोणते आधी करायचे ते खिडकीवर विचारून, कागदावर लिहून घ्यावे. आणि एक सांगतो : तपासणीला जायचे म्हणून मुदत संपलेली, बिनविम्याची गाडी चालवत नेऊ नका. दुसऱ्या वाहनावर चढवून न्या. परिवहन कार्यालयाची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणीही भरतात, त्यांची तारीख विचारून ठेवली तर जिल्ह्याची खेप वाचते.

पन्नास वर्षांवरील गाडीची वाट

आता नातवाने वाचलेल्या नियमाकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या ठेव्याच्या, म्हणजे 'विंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. राज्याची समिती गाडी तपासते आणि मगच तिला हा दर्जा मिळतो.

नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. नोंदणी दहा वर्षे चालते, आणि पुढच्या वेळी ५,००० रुपये लागतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात.

मात्र या गाडीला रोजच्या वापराची मुभा नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. तिच्यातून भाजी बाजारात नेता येणार नाही. वडाप तर नाहीच नाही. वडाप हे साध्या खासगी जीपलाही चालत नाही, हे ओघात सांगतो.

परदेशी काय आहे तेही पाहू. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. मेलबर्न हे तिकडच्या व्हिक्टोरिया राज्याचे मुख्य शहर, आणि आपले मराठी लोक तिथे बरेच आहेत. त्या राज्यात 'क्लब परमिट' नावाची योजना आहे. गाडी पंचवीस वर्षांहून जुनी हवी आणि मालक मान्यताप्राप्त मोटार क्लबचा सभासद हवा. मग वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा परवाना मिळतो. गाडीबरोबर एक नोंदवही देतात. ज्या दिवशी गाडी काढायची त्या दिवसाची नोंद चाक हलण्यापूर्वी वहीत करायची. नोंद नसेल तर ती गाडी बिनपरवान्याची. गाडीत मोठे बदल केलेले असतील तर मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला जोडावा लागतो, आणि अशी बदललेली जुनी गाडीही त्या योजनेत येऊ शकते.

आपल्याकडे अशी सोय नाही. मुंबईसारख्या शहरांत जुन्या गाड्यांचे क्लब आहेत, दिल्लीत १९६४ पासून जुन्या मोटारींची रॅली भरते. पण नोंदणीच्या कामी क्लबच्या सभासदत्वाने आपल्याला वेगळा परवाना मिळत नाही, आणि दिवस मोजून गाडी वापरण्याची पद्धतही नाही. फेरफार केलेल्या गाडीसाठी आपल्याकडची वाट तिकडच्यापेक्षा अरुंद आहे. व्हिक्टोरियातली ती वही मात्र मला आवडली. जुनी गाडी ज्या दिवशी बाहेर काढाल त्या दिवशी तारीख, कुठे नेली, ब्रेक-तेल पाहिले का, हे एका वहीत लिहावे. कायदा मागत नसला तरी गाडीचे आयुष्य वाढते. दुधाची वही ठेवतो तशीच ही एक.

आबांनी काय ठरवले

हे सगळे मी ओसरीवर बसून सांगितले. नातू हिरमुसला. रुंद चाके गेली, मोठे दिवे गेले. आबा मात्र उठले आणि मला परसात घेऊन गेले. शेवग्याच्या झाडाखाली पोत्याने झाकलेले काहीतरी होते. कोंबड्यांनी त्याच्या आडोशाला अंडी घातलेली. पोते बाजूला केले तर खाली जीपचे मूळ पेट्रोल इंजिन! "वडील म्हणाले होते, लोखंड विकू नको. म्हणून ठेवलं," आबा म्हणाले.

नातवाने चिंधीने गंज पुसला. आतला क्रमांक एकेक आकडा दिसू लागला. सूनबाई बुक घेऊन शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. शेवटचा आकडा जुळला तेव्हा आबा काही बोलले नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून घरात गेले.

पुढचा प्रश्न, ठेव्याची गाडी म्हणून नोंद करायची की साधी नोंदणी वाढवायची? नातवाला पहिले हवे होते. आबांनी विचारले, "मग जत्रेला नेता येईल का?" मी म्हटले, "ठेव्याची म्हणून नोंदली तर जत्रेची मुभा धरता येणार नाही." आबा म्हणाले, "मग साधीच करा. नुसती बघायला ठेवायची तर ताडपत्रीखाली काय वाईट होती?" उशिराचा भुर्दंड भरायला ते तयार होते.

हे लिहीपर्यंत दोन्ही आत्यांच्या सह्या झाल्या आहेत आणि बुक आबांच्या नावावर आले आहे. तालुक्याच्या मेस्त्रीने मूळ इंजिन खोलून बसवले. कार्बोरेटर मिळायला दोन महिने गेले. तपासणीची तारीख अजून यायची आहे. तोवर जीप अंगणातून पुढे न्यायची नाही, असे आबांनीच नातवाला बजावले आहे.

नाहीच जमले तर

सगळ्याच गाड्यांचे असे होणार नाही. मूळ इंजिन भंगारात गेलेले, चेसिस कुजलेली, वारसांत वाद, अशा गाडीवर लाख-दीड लाख घालण्यापेक्षा ते पैसे विहिरीला किंवा मुलीच्या शिक्षणाला लावावेत. मात्र गाडी मोडीत काढतानाही कागद पुरे करा. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सरकारमान्य मोडणी केंद्रात दिली तर तसा दाखला मिळतो. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला बुकासकट गाडी देऊ नका. तुमच्या नावाचे बुक आणि पाटी उद्या कुठल्या गाडीला लागेल, सांगता येत नाही.

परराज्यातली किंवा लष्कराच्या लिलावातली स्वस्त जीप कुणी दाखवली तरी आधी कागद पाहा. दुसऱ्या राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे नमुना २८, लिलावाची पावती, आणि चेसिसवरचा क्रमांक. तिन्ही जुळत असतील तरच इसार द्या.

शेवटी एवढेच सांगतो. या रविवारी पत्र्याची ट्रंक उघडा. गाडीचे बुक बाहेर काढा आणि घरच्या सगळ्यांनी मिळून चार गोष्टी पाहा : नाव कुणाचे, मुदत कधीची, इंजिन व चेसिसचे क्रमांक जुळतात का, आणि विमा चालू आहे का. चारही नीट असतील तर बुक परत कापडात गुंडाळून ठेवा. एक जरी चुकत असेल तर सोमवारी गाडीची किल्ली खुंटीला अडकवा आणि एसटीने तालुक्याला जा.